जादूसाठी पत्ते निवडताना: रायडर बॅक, वर्खाचा कॅट आणि घरच्या कपाटातले पत्ते

हे परीक्षण लिहिताना माझ्यासमोर पत्त्यांचे तीन कॅट आहेत. पहिला ‘बायसिकल’चा लाल रायडर बॅक, म्हणजे जगभरचे जादूगार ज्याला स्टँडर्ड समजतात तो. दुसरा परदेशातून मागवलेला कस्टम कॅट. त्याच्या काळ्या पाठीवर सोनेरी वर्खाची नक्षी आहे आणि राजा, राणी व गुलाम यांची चित्रे नव्याने काढलेली आहेत. तिसरा मी एका मुद्रकाकडून करून घेतला असून त्याच्या पाठीवर माझ्या नावाचे बोधचिन्ह आहे. गेल्या गणेशोत्सवापासून यंदाच्या श्रावणापर्यंत रत्नागिरी आणि आसपासच्या गावांत लग्ने, मुंजी, वाढदिवस व शाळांची स्नेहसंमेलने अशा ठिकाणी मी हे तिन्ही आळीपाळीने वापरले. माझे प्रयोग लहान बैठकीचे, दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या आठ-दहा माणसांसाठीचे असतात. मोठ्या रंगमंचावर मागच्या रांगेला साधा पत्ता दिसतच नाही, तेथे जंबो पत्ते लागतात. तो विषय येथे घेतलेला नाही.

रायडर बॅकपासून सुरुवात करतो. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात १८६७ साली सुरू झालेल्या एका छापखान्याने १८८१ साली पत्ते छापायला घेतले, १८८५ साली ‘बायसिकल’ हे नाव आले आणि १८८७ पासून सायकलवर बसलेल्या पंखधारी बालदेवदूताची ही पाठ छापली जात आहे. पुढे ‘युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनी’ या नावाने वाढलेला हा कारखाना २००९ साली ओहायो नदीपलीकडे, केंटकी राज्यातील अर्लँगर गावी हलला आणि २०१९ साली बेल्जियमच्या कार्टामुंडीने ही कंपनी विकत घेतली. मालक बदलले, गाव बदलले, तरी पाठीची नक्षी टिकून राहिली आणि जादूगाराला याच गोष्टीचा सर्वांत मोठा उपयोग होतो. आज एखादा पत्ता फाटला किंवा प्रेक्षकाला भेट दिला, तर त्याच्या जागी पुढच्या वर्षी घेतलेल्या कॅटातला पत्ता घालता येतो आणि समोर बसलेल्या माणसाला तो परका वाटत नाही.

हातात घेतल्यावर या पत्त्याचा गुण लगेच कळतो. दोन कागद काळपट गोंदाने एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे दिव्यासमोर धरला तरी पत्ता आरपार दिसत नाही. पृष्ठभागावर दाबून उठवलेले सूक्ष्म खळगे असतात. त्यांत हवा राहते आणि पत्ते एकमेकांवरून न अडखळता घसरतात. कंपनी यालाच ‘एअर कुशन’ म्हणते. पंखा उघडला तर सर्व पत्त्यांमध्ये सारखे अंतर राहते आणि सतरंजीवर कॅट पसरला तर मध्ये गठ्ठा साचत नाही. सव्वीस-सव्वीस पत्त्यांचे दोन भाग करून एकाआड एक पत्ता गुंफण्याच्या ‘फॅरो शफल’साठी तर पत्त्यांच्या कडा स्वच्छ कापलेल्या असणे अनिवार्य असते. सर्वांत वरचा पत्ता वरच राहील अशा रीतीने ही गुंफण आठ वेळा अचूक केली, की बावन्न पत्ते आपल्या मूळ क्रमाला परत येतात. त्यातील एका जरी फेरीत दोन पत्ते चिकटले, तरी सगळा क्रम मोडतो. नव्या रायडर बॅकवर मला ही गुंफण पहिल्या दिवसापासून करता आली.

पाठीच्या पांढऱ्या किनारीविषयीही सांगायला हवे. हातचलाखीचे तपशील मी जाहीर लिखाणात उघड करत नाही, परंतु जे शिकत आहेत त्यांना एवढे सांगितलेले पुरेसे ठरेल की गड्डी किंचित सरकली किंवा तिच्या मांडणीत काही बदललेले असले, तरी पांढरी किनार ते झाकून घेते. नक्षी थेट कडेपर्यंत गेलेल्या पाठीवर हीच सरक रेषेसारखी उमटते. शिवाय विशेष पत्ते, म्हणजे दोन्हीकडे पाठ असलेले, दोन्हीकडे चेहरा असलेले किंवा पूर्ण कोरे, हे रायडर बॅकच्या लाल आणि निळ्या पाठीत बाजारात तयार मिळतात. कस्टम कॅटासोबत असे फार तर एक-दोन पत्ते येतात आणि तो कॅट छापणे बंद झाले की तेही मिळेनासे होतात.

आता वर्खाच्या कॅटाकडे येतो. तो देखणा आहे हे मी मनापासून मान्य करतो. डबा उघडताना प्रेक्षकांत शांतता पसरते आणि दिव्याखाली फिरवताना सोनेरी रेषा सळसळतात. कस्टम पत्ते दर्जाने हलके असतात, हा समज चुकीचा आहे. अनेक कस्टम कॅट बायसिकल छापणाऱ्या त्याच कारखान्यात, त्याच कागदावर छापले जातात आणि तेव्हा हाताला फारसा फरक जाणवत नाही. फरक पडतो तो वर्खामुळे. वर्ख चढलेला भाग गुळगुळीत असतो, उघडा कागद तसा नसतो, म्हणून माझ्याकडील कॅटाचा पंखा पहिले काही दिवस एकसारखा उघडत नसे. लग्नाच्या हॉलमध्ये व्हिडिओवाल्याचा प्रखर दिवा वर्खावर पडला, की समोरच्या माणसाला पत्त्याऐवजी नुसती चमक दिसे.

याहून गंभीर अडचण पत्त्यांच्या चेहऱ्यांची आहे. एका साखरपुड्यात एका आजींना मी या कॅटातून पत्ता ओढायला सांगितला. त्यांनी तो पाहिला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि लक्षातही ठेवला. शेवटी मी किल्वर नव्वी उघडली, तेव्हा आजी शांतपणे म्हणाल्या, “नाही हो, माझी इस्पिक होती.” त्यांची चूक नव्हती. त्या कॅटात किल्वर आणि इस्पिक दोन्ही एकाच सोनेरी रंगात आहेत, चिन्हांना वेलबुट्टी आहे आणि कोपऱ्यातला आकडा बारीक आहे. चष्मा पर्समध्ये ठेवलेल्या माणसाने त्यांत फरक करावा तरी कसा? दुसऱ्या एका कार्यक्रमात शाळकरी मुलगी आपला पत्ता ‘पक्षी घेतलेली बाई’ म्हणून लक्षात ठेवून बसली. ती बदाम राणी आहे हे तिला कळलेच नव्हते. पत्त्याच्या जादूत अर्धे काम प्रेक्षकाच्या स्मरणात होते. त्याला ‘बदाम राणी’ हे दोन शब्द सहज आठवले पाहिजेत आणि इतरांना ते सहज समजले पाहिजेत.

सावंतवाडीच्या राजवाड्यात रंगवल्या जाणाऱ्या गोल गंजिफा मी पाहिल्या आहेत. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात आणि त्यांच्यासमोर जगातला कोणताही छापील कॅट फिका पडेल. तरीही त्यातला एखादा पत्ता पाहुण्याला ओढायला सांगून पुढे प्रयोग रंगवता येणार नाही, कारण वामनाचा सहावा आणि परशुरामाचा सातवा यांतील भेद आज बहुतेकांच्या डोळ्यांना सरावाचा राहिलेला नाही. सौंदर्य आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगाला ओळख लागते.

येथवर सगळा कौल रायडर बॅकच्या बाजूने गेलेला दिसेल. परंतु परदेशी पुस्तके आणि व्हिडिओ पाहून शिकलेल्यांच्या ध्यानात सहसा न येणारी एक गोष्ट आहे आणि मुख्यतः तिच्यासाठीच मी हे परीक्षण लिहायला घेतले. अमेरिकेत रायडर बॅक स्टँडर्ड मानला जातो, कारण तेथील प्रेक्षकाच्या घरातही तोच कॅट असतो. आपल्याकडे तसे नाही. आपल्या घरातला कॅट स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला, प्लास्टिकचा लेप दिलेला आणि बहुधा थोडा अरुंद असतो. मे महिन्याच्या सुट्टीत झब्बू, मेंढीकोट आणि रमी खेळून त्याचे कोपरे गोल झालेले असतात. त्या डोळ्यांना सायकलवरचा देवदूत अनोळखीच असतो. लांज्याजवळच्या एका घरी मी रायडर बॅकचा डबा काढला, तेव्हा यजमान काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “अहो, हे तर तुमचे जादूचे पत्ते दिसतात. आमच्या कपाटातले आणू का? त्यांवर करून दाखवाल?”

काकांचा प्रश्न रास्त होता. काळा-सोनेरी कॅट काढल्यावर तर असा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी येतो, फरक इतकाच की काही जण तो तोंडाने विचारतात आणि काही जण मनात ठेवतात. मनात राहिलेली शंका अधिक घातक असते, कारण प्रयोग कितीही स्वच्छ झाला तरी घरी जाताना माणूस म्हणतो, ‘पत्त्यांतच काहीतरी होते.’ जादूगाराने वर्षानुवर्षे केलेल्या सरावाचे श्रेय अशा वेळी छापखान्याला मिळते. मला याचे फार वाईट वाटते.

यावर मला सापडलेला उपाय असा. रायडर बॅकची पाठ आपल्याला परकी असली, तरी त्याचे चेहरे परके नाहीत. आपल्या घरगुती पत्त्यांवरील राजा, राणी आणि गुलाम त्याच इंग्रजी वळणाचे आहेत, ज्याचे मूळ फ्रान्समधील रूआँ शहराच्या पत्त्यांत सापडते. डोक्यामागे तलवार धरलेला बदाम राजा, एकच डोळा दिसणारे इस्पिक आणि बदाम गुलाम, कुऱ्हाडवाला चौकट राजा, ही मंडळी दोन्ही कॅटांत सारखीच भेटतात. म्हणून मी आता डबा उघडल्यावर प्रथम चेहरे दाखवतो, मग कॅट पाहुण्याच्या हाती देऊन त्यालाच पिसायला सांगतो आणि पाठ सर्वांत शेवटी, सहज नजरेस पडू देतो. कस्टम कॅटाच्या बाबतीत हा मार्ग बंद असतो, कारण त्याचे चेहरेही अनोळखी असतात.

आणि काकांच्या कपाटातल्या कॅटावरही प्रयोग करता आला पाहिजे. त्यासाठी मी दर आठवड्याला दोन दिवस मुद्दाम साध्या घरगुती पत्त्यांवर सराव करतो. त्यांच्या गुळगुळीत लेपात खळगे नसतात, त्यामुळे दमट हवेत ते चार-चारच्या गठ्ठ्याने सरकतात आणि त्यांचा पंखा नीट उघडत नाही; त्यामुळे पसरण्याऐवजी मोजण्यावर आणि वाटण्यावर बेतलेले प्रयोग त्यांच्यासाठी निवडावेत. आधी पत्ते मोजून घ्यावेत, हेही अनुभवाने शिकलो. चौकट तिर्री हरवलेली आणि तिच्या जागी जोकरवर बॉलपेनने ‘चौकट ३’ लिहिलेले, असे कॅट मला एकाहून अधिक घरांत भेटले आहेत. अशा कॅटावर झालेला प्रयोग त्या घरात कायमचा लक्षात राहतो, कारण संशयाला जागाच उरत नाही. अरुंद पत्ता लहान हातांना सोयीचा असतो, हा आणखी एक फायदा. मुलांना शिकवायचे असेल तर मी सुरुवात त्यावरच करून घेतो.

कोकणातील पावसाळ्याचा अनुभव मात्र कोणत्याच कॅटाला अनुकूल नव्हता. कागद दमट हवा पितो, फुगतो आणि एका बाजूला वाकतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिन्ही कॅट होडीसारखे झाले. बाजारातले ‘प्लास्टिक कोटेड’ पत्तेही आतून कागदाचेच असतात, त्यामुळे लेपाने ही प्रक्रिया फक्त लांबते. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते, उदाहरणार्थ सेल्युलोज ॲसिटेटचे ‘केम’, पाण्याला दाद देत नाहीत, परंतु ते फाडता येत नाहीत, दिलेला बाक धरून ठेवत नाहीत आणि त्यांच्यावर सहीची शाई लगेच पुसली जाते. रमीच्या टेबलाला ते उत्तम, जादूला अपुरे. मी आता कॅट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवतो आणि रात्री दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवतो. वर्खाच्या कॅटाच्या पाठीवर वर्ख आणि चेहऱ्यावर उघडा कागद असल्याने तो सर्वांत जास्त वाकला आणि पूर्ण सरळ झालाच नाही.

खर्चाचा हिशेब थोडक्यात सांगतो. वर्खाचा कॅट मला रायडर बॅकच्या तिप्पट किमतीला पडला, पण खरा खर्च किमतीत नसून वापरात आहे. प्रेक्षकाची सही घेऊन तोच पत्ता त्याला आठवण म्हणून देण्याचा प्रयोग मी प्रत्येक कार्यक्रमात करतो. रायडर बॅकमधून असे पाच-सहा पत्ते गेले की उरलेला कॅट सरावाला ठेवून नवा उघडतो. महागड्या कॅटातून एक पत्ता गेला की तो कायमचा अपुरा होतो. काळ्या चेहऱ्याच्या पत्त्यावर साधे मार्कर उमटतच नाही, त्यासाठी चंदेरी पेन वेगळे बाळगावे लागते आणि त्याची शाई वाळेपर्यंत प्रयोग थांबवावा लागतो.

माझ्या नावाच्या कॅटाकडून मी सर्वाधिक अपेक्षा ठेवली होती. ३१० जीएसएमचा जाड कागद, चकचकीत लेप, सुबक छपाई. पण पृष्ठभाग सपाट असल्याने पत्ते एकमेकांना धरून ठेवतात आणि हातातील गड्डी रायडर बॅकपेक्षा ठळकपणे जाड लागते. शिवाय पाठीवर जादूगाराचेच नाव पाहिल्यावर ‘हे पत्ते साधे आहेत’ असे सांगण्याचा अधिकार मला उरत नाही. प्रयोगासाठी मी तो वापरणे बंद केले. मात्र कार्यक्रम संपल्यावर त्यातला एकेक पत्ता मी व्हिजिटिंग कार्डाप्रमाणे देतो आणि लोक तो पाकिटात जपून ठेवतात.

सध्या माझ्या पिशवीत एक लाल आणि एक निळा रायडर बॅक कायम असतो. वर्खाचा कॅट स्नेहसंमेलनात संगीतावर केल्या जाणाऱ्या, कुणालाही पत्ता लक्षात ठेवायला न लावणाऱ्या पाच मिनिटांच्या तुकड्यासाठी राखून ठेवला आहे. तेथे त्याची चमक शोभते आणि कामीही येते. घरगुती कॅट मी नेत नाही, तो यजमानांकडून मागून घेतो. नावाचे पत्ते संपत आले आहेत आणि पुढच्या वेळी अख्खा कॅट न छापता फक्त बदाम राणीच्या दोनशे प्रती करून घेणार आहे.