पोलादी टूरिंग सायकल: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

सायकलीच्या परीक्षणात पहिला प्रश्न बहुधा वजनाचा असतो आणि दुसरा वेगाचा. मी ज्या सायकलीविषयी लिहीत आहे, तिच्याकडे या दोन्ही प्रश्नांचे मिरवण्याजोगे उत्तर नाही. क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाची फ्रेम, दोन्ही चाकांवर मडगार्ड, मागे मजबूत कॅरिअर, पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागातील तुंब्यात, बसवलेला डायनॅमो, आणि हे सारे मिळून चौदा किलोंच्या आसपास वजन. मी शर्यतीत भाग घेत नाही. रोजची कामे, सुट्टीच्या सकाळी मित्रमैत्रिणींबरोबर फेरी आणि अधूनमधून सामान लादून केलेला एखादा मुक्कामी प्रवास, एवढाच माझा सायकलीशी संबंध आहे. पण तो जवळजवळ रोजचा आहे. उन्हात, पावसात आणि सामानाच्या ओझ्याखाली ही सायकल अनेक महिने वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, हौशी सायकलस्वाराने आपली सायकल किती वेगाने धावते यापेक्षा ती किती निरनिराळ्या वेगांना सुखाने चालते हे आधी पाहावे.

वजनाचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण खरेदीपूर्वी मलाही त्याचीच सर्वाधिक धास्ती होती. आमच्या तिघांच्या गटातील एका मैत्रिणीची कार्बनची सायकल सुमारे नऊ किलोंची आहे, म्हणजे माझ्यापेक्षा पाच किलो हलकी. परंतु चढावर केवळ सायकल वर न्यायची नसते. चालवणारी व्यक्ती, पाणी, अवजारे आणि पिशव्याही वर न्यायच्या असतात. हे सगळे मिळून नव्वद किलो धरले, तर पाच किलोंचा फरक साडेपाच टक्क्यांचा ठरतो. तेवढेच श्रम घेतले, तर अर्ध्या तासाच्या चढाला त्यामुळे दीड-दोन मिनिटे जास्त लागतात. हा फरक शर्यतीत निर्णायक असतो. चढाच्या माथ्यावर मैत्रीण पाण्याचे दोन घोट घेईपर्यंत मी पोहोचते, एवढाच त्याचा आमच्यापुरता अर्थ आहे. वजन खरोखर जाणवते ते जिन्यावर. सायकल रोज दोन-तीन मजले उचलून न्यावी लागत असेल, तर मात्र पुढचे सगळे वाचण्याआधी तिचा पुन्हा विचार करावा.

या सायकलीची खरी कमाई तिच्या गिअरमध्ये आहे. पुढे ४६ आणि ३० दात्यांच्या दोन चकत्या, मागे ११ ते ३४ दात्यांची कॅसेट, म्हणजे लहानमोठ्या चकत्यांचा संच. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल दोन मीटरांहून थोडी कमी पुढे जाते आणि सर्वांत जड गिअरमध्ये नऊ मीटरांहून थोडी जास्त. आकडे कोरडे वाटतील, पण त्यांचा परिणाम फार मानवी आहे. हलक्या गिअरमध्ये मिनिटाला साठ फेरे मारत मी ताशी सात किलोमीटरने चढ चढू शकते. म्हणजे जवळपास भरभर चालण्याच्या वेगाने, तरीही तोल न जाता आणि दम न लागता. आमचा तिसरा सोबती एकाच गिअरच्या जुन्या सायकलीवर येतो. उभ्या चढावर त्याला खाली उतरून सायकल ढकलावी लागते, तेव्हा मी त्याच्या शेजारून हळूहळू चालवत गप्पा चालू ठेवू शकते. कार्बनच्या सायकलीवरील मैत्रिणीला हे जमत नाही. तिचा सर्वांत हलका गिअरही त्या वेगासाठी जड आहे, म्हणून ती पुढे जाते आणि माथ्यावर थांबून राहते.

गिअरचा इतिहास या संदर्भात मला नेहमी गमतीचा वाटतो. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, १९३७ पर्यंत परवानगी नव्हती, कारण आयोजकांच्या लेखी शर्यत स्नायूंची होती, यंत्राची नव्हे. फ्रान्समधील हौशी भटक्या सायकलस्वारांनी मात्र त्याआधी कितीतरी वर्षे बदलत्या गिअरचा पुरस्कार केला होता, कारण त्यांना डोंगर चढायचे होते आणि वर पोहोचल्यावर आजूबाजूला पाहण्याइतकी ताकदही शिल्लक ठेवायची होती. म्हणजे आज शर्यतीच्या सायकलीची शान समजली जाणारी ही सोय आधी सहलीला निघालेल्यांनी आपलीशी केली.

सपाट रस्त्यावर आमचा नेहमीचा वेग ताशी अठरा किलोमीटरच्या आसपास असतो. पुढे तीसची चकती, मागे मधला गिअर आणि मिनिटाला ऐंशी फेरे, असे गणित त्या वेगाला नेमके बसते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती घनाने, त्यामुळे वारा पडलेला असतानाही ताशी वीसवरून पंचवीसवर जायचे तर हवेपुरते श्रम जवळजवळ दुप्पट होतात. आमच्यासारख्यांच्या बाबतीत या वाढीव श्रमांचा पहिला बळी बोलणे असते. वाक्ये तुटक होतात, मग फक्त होकार उरतात. त्याहून वेगाने जायचे झाल्यास आम्ही एकामागे एक होतो. हँडल उंच असल्याने मी या सायकलीवर बरीच ताठ बसते आणि हवा चांगलीच अडवते. मागून आडोशाने येणाऱ्या मैत्रिणीची याबद्दल कधी तक्रार आलेली नाही. शेजारी शेजारी चालवण्याचा आनंद अर्थातच रिकाम्या आणि रुंद रस्त्यापुरता आहे. मागून वाहन येत असल्याची चाहूल लागताच एका रांगेत यायचे, हा आमचा न बोलता ठरलेला नियम आहे.

मागच्या हबचा आवाज हा परीक्षणात सहसा न येणारा विषय आहे, पण सोबतीने चालवणाऱ्यांना तो महत्त्वाचा वाटेल. पेडल थांबवल्यावर काही हब इतके कर्कश टकटकतात की उतारावर शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. या सायकलीचा हब मंद आवाजाचा आहे आणि मला तो फार आवडला. त्याची दुसरी बाजूही आहे: मोठ्या आवाजाच्या हबमुळे पुढच्याने पेडल थांबवले हे मागच्याला आपोआप कळते, माझ्या बाबतीत कळत नाही. त्यामुळे वेग कमी करताना मी हाताने खूण करते किंवा तोंडाने सांगते.

टायर ३७ मिलिमीटर रुंदीचे आहेत. मागच्यात मी पन्नास आणि पुढच्यात पंचेचाळीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) आसपास हवा ठेवते. टायरच्या कडेवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही मर्यादा असते, शिफारस नव्हे. तरीही पंप हाती आला की त्या आकड्यापर्यंत हवा भरणारे पुष्कळ लोक मी पाहते. खडबडीत रस्त्यावर दगडासारखा कडक टायर सायकलीला आणि स्वाराला प्रत्येक खडीवरून उचलून आपटतो, आणि त्या हादऱ्यांत वाया जाणारी शक्ती पायांनाच पुरवावी लागते. रुंद आणि थोडा मऊ टायर तोच उंचवटा पोटात घेतो. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये पेटंट घेतलेला हवेचा टायर तयार केला तो आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी व्हावेत म्हणून. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या सायकलपटूने तसेच टायर वापरून बेलफास्टमध्ये शर्यती जिंकल्या. आराम आणि वेग यांचे वैर तेव्हाच संपायला हवे होते. हवा मात्र दर आठवड्याला पाहावी लागते, कारण पंक्चर नसले तरी रबराच्या ट्यूबमधून ती हळूहळू झिरपतच असते. पंक्चर मला आतापर्यंत क्वचितच सोसावे लागले. त्याचे श्रेय टायरच्या आतील संरक्षक थराला आहे, तसेच ट्यूब बदलल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा किंवा काच शोधल्याशिवाय चाक बसवू न देणाऱ्या आमच्या सोबत्यालाही आहे.

रोजच्या वापरात मला सर्वांत जास्त समाधान डायनॅमोने दिले. सहा व्होल्ट, तीन वॅट हे त्याचे प्रचलित मान आहे. चाक फिरले की दिवा लागतो. चार्जिंग विसरण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि काम आटोपून निघायला अनपेक्षित उशीर झाला तरी अंधाराची काळजी नसते. सिग्नलला थांबल्यावरही दिव्यातील कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) काही मिनिटे मंद उजेड टिकवतो. चालवताना डायनॅमोचा भार मला जाणवत नाही. फक्त अगदी संथ चढावर दिवा लुकलुकतो, म्हणून अंधारात चढ असेल त्या दिवशी मी एक छोटा बॅटरीचा दिवाही लावते.

सामानाच्या बाबतीत फ्रेमची लांबी कामी येते. पेडलच्या मध्यापासून मागच्या आसापर्यंतची नळी साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास असल्याने बाजूच्या पिशव्यांना टाच लागत नाही. शर्यतीच्या सायकलींत हीच नळी साधारण चार सेंटिमीटरने आखूड असते. जड वस्तू पिशवीच्या तळाशी ठेवल्या, तर भरलेली सायकल रिकामीपेक्षाही स्थिर वाटते. स्टँड मात्र सोबत आलेला नाही, आणि इतक्या ओझ्याच्या कल्पनेने बनवलेल्या सायकलीला तो नसावा हे मला अजून उमगलेले नाही. भरल्या पिशव्यांसह भिंत शोधत फिरणे कंटाळवाणे असते.

आता तक्रारींकडे वळते. ब्रेक तारेवर चालणारे डिस्क ब्रेक आहेत. कोरड्या हवेत ते उत्तम लागतात. पावसात ओरडतात, पण लागतात. मूळचे रेझिनचे पॅड चिखलपाण्यात फार लवकर झिजले. आता धातुमिश्रित पॅड बसवले आहेत. ते थोडे अधिक आवाज करतात, पण खूप टिकतात. असा बदल करण्यापूर्वी डिस्कवर केवळ रेझिन पॅडसाठी असल्याचा उल्लेख नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. पॅड नवे असताना सपाट, मोकळ्या जागी मध्यम वेगावरून पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून, पण चाक पूर्ण न थांबवता, ते डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात. पॅड झिजेल तसा आतील बाजूचा स्क्रू थोडा थोडा फिरवावा लागतो. द्रवावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये हे आपोआप होते, पण तारेच्या ब्रेकची दुरुस्ती रस्त्याच्या कडेला दोन पान्यांत होते, म्हणून मी यातच समाधानी आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. अगदी हळू आणि तीव्र वळण घेताना बुटाचे टोक पुढच्या मडगार्डला लागते. वेगात हँडल इतके वळतच नाही, त्यामुळे धोका फक्त गर्दीत वळताना किंवा मागे फिरताना असतो. तरीही नवख्या व्यक्तीला तो दचकवणारा आहे. फ्रेम जितकी लहान, तितका हा दोष वाढतो, म्हणून उंचीने कमी असलेल्यांनी सायकल जागेवरच गोल फिरवून पाहावी.

सोबत आलेली सीट बदलावी लागली. ती जाड आणि मऊ होती, हाताने दाबून पाहणाऱ्याला मोह पडावा अशी. पण मऊ गादीत बसण्याची हाडे रुततात आणि दाब नको त्या जागी येतो. तासाभरानंतर मी सारखी जागा बदलू लागे. थोडी रुंद आणि बरीच टणक सीट बसवल्यावर हा त्रास थांबला. उंची ठरवण्यासाठी मी जुनी रीत वापरली: पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, म्हणजे पंजाने चालवताना गुडघ्याला योग्य तेवढा बाक राहतो. आमच्या सोबत्याला लांबच्या फेरीत चढ नकोसा झाला की आम्ही सायकली बदलतो, त्यामुळे सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीच्या दोन खुणा आहेत, एक माझी आणि एक त्याची. त्याच्या एकाच गिअरच्या सायकलीवर चढ चढल्यानंतर माझ्या सायकलीच्या वजनाबद्दलचे माझे मत आणखी नरम झाले आहे.

देखभालीत चेनखेरीज फार काही नाही. पावसात भिजल्यावर ती पुसून कोरडी करणे आणि थोडेसेच तेल देऊन वरचे पुसून टाकणे पुरते. झीज मोजायला खास मापक लागतोच असे नाही. चेनचा सांधा अर्ध्या इंचाचा असल्याने नव्या चेनचे चोवीस सांधे ३०४.८ मिलिमीटर भरतात. पोलादी पट्टीवर तेच अंतर ३०६.४ च्या जवळ आले, की चेन बदलावी. दिरंगाई केल्यास झिजलेली चेन कॅसेटचे दातेही खाते आणि मग दोन्ही बदलावी लागतात. माझी पहिली चेन गेल्या पावसाच्या दिवसांनंतर या मापाला पोहोचली आणि मी ती बदलली. कॅसेटने नवी चेन कुरकुर न करता स्वीकारली. पुढचे काम म्हणजे एक भक्कम स्टँड आणि पुढच्या मडगार्डसाठी थोडी आखूड पट्टी. ती मिळाली नाही, तर आहे त्याच मडगार्डचे मागचे टोक कापून पाहण्याचा विचार आहे. कापण्याचे काम मैत्रिणीने अंगावर घेतले आहे. मागून येताना चिखल तिच्याच तोंडावर उडणार असल्याने तिचा हात बेताचाच चालेल, अशी माझी अपेक्षा आहे.