रिफ्रॅक्टोमीटर मस्त, पण त्या लिक्विडच्या बाटलीनं डोकं उठवलंय

जेमॉलॉजीच्या (रत्नपारखीच्या) कोर्ससाठी हा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खडा प्रकाश किती वाकवतो तो आकडा (अपवर्तनांक) मोजून खडा ओळखायचं यंत्र, पावसाळ्याआधी घेतला होता, आता उन्हाळा लागला, म्हणजे बोलायला हरकत नाही. स्केल, आयपीस, पिवळा लाइट, कशाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबत आलेल्या १.८१ अपवर्तनांकाच्या कॉन्टॅक्ट लिक्विडची, म्हणजे खडा आणि यंत्राची काच यांच्यामध्ये ज्याचा थेंब टाकतात त्याची. उजेडानं हे काळं पडतं म्हणून गडद बाटलीत ठेवतात, आणि विकणाऱ्यानं पाठवलं चक्क पारदर्शक बाटलीत! दिवाळीपर्यंत पार तपकिरी झालं, स्केलवर जिथं रीडिंग वाचायचं ती सावलीची कड धड दिसेना. फोन केला तर म्हणे सील उघडलं की वॉरंटी संपली. अहो पण सील न उघडता थेंब टाकायचा कसा? नव्या बाटलीचा भाव ऐकून तर संतापच आला.

शिवाय थेंब सुकला की काचेवर गंधकाचे बारीक पिवळे कण बसतात, आणि काच शिशाची, मऊ, जरा घासली की ओरखडा. म्हणून टाचणीच्या डोक्याएवढाच थेंब, खडा शेजारी ठेवून हळूच सरकवायचा, रीडिंग झालं की लगेच पुसायचं. वास उग्र आहे, हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

मध्यंतरी वाटलं, पैसे वायाच गेले. कारण माणिक खाणीतलं असो की व्हर्नॉयच्या पद्धतीनं भट्टीत बनवलेलं, रीडिंग दोन्हीकडे १.७६२ ते १.७७०. व्हर्नॉयनं ही पद्धत १९०२ साली जाहीर केली, तेव्हापासून हीच डोकेदुखी. तिथं लूपच (रत्नं बघायचं छोटं भिंग) हवा, सिंथेटिकमध्ये वाकड्या वर्तुळाकार रेषा आणि गोल बुडबुडे, नैसर्गिकमध्ये रेशमासारख्या बारीक सुया, त्याही तापवलेल्या खड्यात तुटलेल्या दिसतात.

पण मग सरावाच्या पाकिटात ‘अक्वामरीन’ लिहिलेला एक फिकट निळा खडा आला. अक्वामरीनला १.५७-१.५८ च्या आसपास दोन रीडिंग हवीत. हा खडा कितीही फिरवला तरी कड एकाच जागी, १.७२८! म्हणजे सिंथेटिक स्पिनेल, कृत्रिमरीत्या बनवलेलं वेगळंच रत्न, नैसर्गिक स्पिनेल असतं तर १.७१८ च्या जवळपास आलं असतं. त्या दिवशी मत बदललं माझं. पुष्कराज म्हणून सुनहला (पिवळा क्वार्ट्झ) गळ्यात मारतात तेही इथं मिनिटात कळतं, १.५४४-१.५५३. हिरा मात्र स्केलच्या बाहेर, तिथं हा उपयोगाचा नाही.

तर मशीन जरूर घ्या, पण बाटली कसली देणार ते आधी लेखी विचारा. मी शेवटी दुसरीकडून तपकिरी काचेतली आणली आणि पहिल्याकडे पैसे परत मागितलेत, अजून उत्तर नाही, पण मी सोडणार नाही.