घरी काडतुसं भरायला निघालो आणि दोनदा फसलो

मागच्या महिन्यात आमच्या मंडळातल्या एका मुलाने फोनवर एका दुकानाची लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, "काका, इथे प्रायमर स्वस्त दिसतायत. घेऊ का?" पान उघडलं आणि काळजात धस्स झालं. दुकानाचं नाव निराळं होतं, पण फोटो तोच. फळीवर रचलेली प्रायमरची (काडतुसाच्या बुडाशी बसणारी, ठोका पडला की पेटणारी छोटी टोपी) खोकी आणि उजव्या कोपऱ्यात अर्धी दिसणारी पिवळी मोजपट्टी. २०२१ साली याच फोटोवर विश्वास ठेवून मी ७९५ डॉलर घालवले. लाज वाटली म्हणून तेव्हा कुणाजवळ बोललो नाही, ते चुकलंच. आता सगळं लिहितोय, आकड्यांसकट.

मी ओहायोत राहतो, मूळ गाव सावंतवाडीजवळ. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भात पिकायला आलं की रानडुकरं उतरायची, आणि संध्याकाळी आजोबा पडवीत बसून बंदुकीची दारू मोजायचे. माप ओतून होईपर्यंत ते कुणाशी एक शब्द बोलत नसत आणि आम्हा पोरांना आत पिटाळत. ती बंदूक माझ्या हातात कधी आली नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर इथल्या एका क्लबात नेमबाजीला जाऊ लागलो, त्यामागे लहानपणची ती ओढ होती.

मग २०२० साल उजाडलं. महामारी, दंगली, निवडणूक, सगळं एकदम. लोकांनी बंदुका आणि काडतुसं मिळतील तशी उचलली. त्यातच जुलैमध्ये रेमिंग्टन कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ९ मिलिमीटरच्या ५० काडतुसांचा डबा आधी दहा-बारा डॉलरला यायचा, तो चाळीसच्या आसपास गेला, तोही दुकानात मिळाला तर. क्लबातले जुने लोक मात्र निवांत होते, कारण ते आपली काडतुसं घरीच भरत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काडतुसाची पितळी पुंगळी हा त्यातला महाग भाग, आणि तोच पुन्हा वापरता येतो. जुना प्रायमर काढायचा, फुगलेली पुंगळी प्रेस नावाच्या यंत्राने डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, दाबून मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, मोजून ओतायची, वर गोळी बसवायची. स्वतःच्या वापरासाठी हे करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही, राज्यांचे नियम मात्र बघून घ्यावेत. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तिथे कुणी याच्या वाटेला जाऊ नये. आणि गावी जाताना बॅगेचे सगळे कप्पे झटकून घ्या. तळाशी राहिलेल्या एखाद्या काडतुसापायी विमानतळावर अटक झाल्याच्या बातम्या वरचेवर येतात. बरेच जण विचारतात, स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य मिळवलं त्या रायफलीची काडतुसं भरता येतात का? नाही. ते .२२ चं काडतूस असतं, त्यात प्रायमरचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, एकदा ठोका पडला की ती पुंगळी भंगारात.

तर मीही ठरवलं की घरी भरायची. आधी एक जाडजूड मॅन्युअल आणून वाचलं, एवढं एक बरं केलं. त्यात कळलं की प्रायमर आणि पावडर धोकादायक माल असल्याने कुरिअर कंपनी त्यावर वेगळं शुल्क लावते, त्याला सगळे हॅझमॅट फी म्हणतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. मला जेवढं कळलं होतं, नेमकं तेवढ्यावरच पुढे एका भामट्याने मला गाठलं.

टंचाईच्या आधी हजार प्रायमर तीस-चाळीस डॉलरला मिळत. २०२१ च्या सुरुवातीला लोक शंभर, कुठे दीडशे मागत होते. आणि मला एक दुकान सापडलं, जिथे हजाराला ४५ डॉलर आणि माल शिल्लक. फार स्वस्त असतं तर शंका आली असती. ४५ हा आकडा असा होता की वाटावं, अजून एखादा प्रामाणिक दुकानदार उरलाय. मी पाच हजार प्रायमर घेतले, २२५ डॉलर. आठ पाउंड पावडर, १७०. आणि नवशिक्यासाठी म्हणून प्रेसचा अख्खा संच, २५०. एकूण ६४५. संचाखाली लिहिलं होतं, "सर्व मापांच्या डाय समाविष्ट." खऱ्या संचात प्रेस असते, तराजू असतो, पावडरचं माप असतं, डाय आणि पुंगळी धरायचा शेल होल्डर बहुधा वेगळा घ्यावा लागतो, कारण प्रत्येकाची बंदूक वेगळी. हे मॅन्युअलात वाचलेलं होतं. हव्यासापुढे ते आठवलं नाही.

पैसे भरताना क्रेडिट कार्डाचं बटण चालेना. लगेच मेल आला. प्रायमरचा धंदा म्हणून कार्ड कंपन्या आम्हाला त्रास देतात, झेलने (बँक खात्यातून थेट खात्यात पैसे पाठवायची सोय) पाठवा, पाच टक्के सूट देऊ. कार्ड कंपन्या या धंद्याशी सांभाळून वागतात हे क्लबातही ऐकलेलं, त्यामुळे पटलं. सूट नको, माल लवकर पाठवा म्हणालो आणि पूर्ण ६४५ पाठवले.

दोन दिवसांनी पुन्हा मेल. माल कुरिअरकडे पोचला आहे, पण हॅझमॅट विमा भरायचा राहिला आहे. १५० डॉलर, माल हातात पडला की परत मिळतील. हॅझमॅट हा शब्द वाचला आणि मला उलट धीर आला, की माणूस या धंद्यातला आहे. पाठवले. बायको म्हणाली, "परत मिळणारा विमा कसला असतो?" मी तिला समजावत बसलो. खरी हॅझमॅट फी ऑर्डर देतानाच बिलात लागते, एका खोक्याला एकदा, आणि ती कधी परत मिळत नाही. चार दिवसांनी "राज्याच्या परवानगीसाठी" म्हणून ३०० मागितले, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

त्या रात्री मी जे तपासलं ते पैसे भरण्याआधी दहा मिनिटांत तपासता आलं असतं. त्या वेबसाइटच्या पत्त्याची नोंदणी सहा आठवड्यांपूर्वीची होती. हूइज नावाच्या नोंदवहीत कुणालाही ती तारीख फुकट बघता येते. दुकानाचा पत्ता नकाशावर टाकला तर एका चर्चचं पार्किंग दिसलं. फोटो टाकून इंटरनेटवर शोध घेतला तर तो एका जुन्या जाहिरातीतला निघाला. आणि सगळ्यात लागलं ते हे, की मला दिलेला ट्रॅकिंग नंबर टपाल खात्याच्या धाटणीचा होता. अमेरिकेच्या टपालाने प्रायमर किंवा पावडर पाठवायला बंदीच आहे. एवढी एक गोष्ट माहीत असती तर दुसरे दीडशे वाचले असते.

बँकेने हात वर केले. पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, चोरीला गेले नाहीत, म्हणाले. क्रेडिट कार्डाने भरले असते तर १९७४ च्या कायद्याप्रमाणे माल न आल्याची तक्रार बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी करता आली असती. दुकानदार कार्ड नको म्हणाला की तिथूनच परत फिरा, सूट कितीही देवो. एफबीआयचं ऑनलाइन गुन्ह्यांचं तक्रार केंद्र आयसी३ आणि ग्राहकांच्या फसवणुकीकडे बघणारी सरकारी संस्था एफटीसी या दोन्हींकडे मी तक्रार नोंदवली. पैसे आले नाहीत, तरी तुम्हीही नोंदवा. अशा नोंदींमधूनच त्यांना एकाच माणसाची दहा दुकानं जुळवता येतात.

पहिल्या फसवणुकीत गेले ते फक्त पैसे. दुसरीत काय गेलं असतं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

ऑनलाइनवरचा विश्वास उडाला म्हणून मी उन्हाळ्यात जत्रेच्या मैदानावरच्या एका प्रदर्शनात गेलो. तिथे एकाने अख्खं टेबल मांडलं होतं. प्रेस, तराजू, डायची तीन खोकी, प्रायमर बसवायचं हत्यार, कॅलिपर आणि दोन फोडलेल्या पावडरच्या बाटल्या. काका वारले, त्यांचं सामान आहे, म्हणाला. ३५० डॉलर रोख. माणूस समोर उभा आहे, वस्तू हातात घेऊन बघता येते, मग फसणार कसा, असं मला वाटलं. आणि गेलेल्या माणसाचं सामान म्हटलं की आपण घासाघीस करत नाही.

घरी आणून तराजूवर २० ग्रेनचं खात्रीचं वजन ठेवलं. २०.६ दाखवलं. उचलून परत ठेवलं, १९.७. ज्या सुरीच्या धारेवर दांडी डोलते ती धारच झिजलेली होती. पिस्तुलाच्या काडतुसात पावडर सगळी मिळून चार-पाच ग्रेन पडते, आणि एका पाउंडात ७,००० ग्रेन असतात, यावरून अर्ध्या ग्रेनची किंमत समजून घ्या. डायच्या एका खोक्यावर एक माप आणि आतल्या डायवर कोरलेलं दुसरंच. प्रेसच्या दांड्यावर गंज होता, त्यावर रंग मारलेला.

तरी मी बाटल्यांबद्दल निर्धास्त होतो. लेबल नामांकित कंपनीचं, रायफलची सावकाश जळणारी पावडर, बाटली पाऊण भरलेली. क्लबातल्या एका सत्तरीच्या गृहस्थांना सहज दाखवायला नेली. त्यांनी आधी झाकण उघडून वास घेतला, मग एक पांढरा कागद मागितला, चमचाभर पावडर त्यावर ओतली आणि खिडकीपाशी नेऊन बोटाने पसरली. लेबलावरची पावडर बारीक कांड्यांची असते, पेन्सिलीच्या शिशाचे तुकडे केल्यासारखी. कागदावर कांड्या होत्या, पण त्यांच्यात चपट्या गोल टिकल्याही होत्या, ठेचलेल्या मोहरीएवढ्या. कुणीतरी पिस्तुलाची झटकन जळणारी पावडर त्याच बाटलीत ओतली होती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ही तू रायफलच्या पुंगळीत लेबलावरच्या मापाने भरली असतीस तर बंदूक तुझ्या तोंडाशी फुटली असती." बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. मला पडवीतले आजोबा आठवत होते.

दोन्ही बाटल्यांची त्यांनीच रीतसर विल्हेवाट लावली. विकणाऱ्याने हे जाणूनबुजून केलं की त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, यावर मी खूप विचार केला. गंजावर रंग मारणारा माणूस अजाण नसतो, असं माझं मत आहे. तुम्ही जुनी प्रेस जरूर घ्या, ते लोखंड आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालतं. तराजू घ्यायचा तर खात्रीची वजनं खिशात घेऊन जा आणि तिथेच तपासा. पण फोडलेली पावडर फुकट मिळाली तरी घेऊ नका, मग ती सख्ख्या मित्राची का असेना. पावडर आणि प्रायमर कंपनीच्या सीलबंद डब्यातूनच, आणि टेबलावर एका वेळी एकच बाटली. त्या गृहस्थांनी मला हे तीनदा म्हणायला लावलं होतं.

म्हणूनच मागच्या महिन्यात ती लिंक बघितल्यावर त्या मुलाला मी लगेच फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. त्याने पैसे भरलेले नव्हते, तेवढं नशीब. बोलता बोलता विचारलं, "तुझा व्हिसा कुठला?" म्हणाला, एच-१बी. माझ्या पोटात खड्डा पडला. एच-१बीवरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर सूट मिळते, असे थोडेच अपवाद आहेत. आणि त्या कायद्यात काडतूस म्हणजे नुसतं भरलेलं काडतूस नव्हे. प्रायमर, पावडर, गोळी आणि रिकामी पुंगळीसुद्धा त्याच व्याख्येत येते. गुन्हा सिद्ध झाला तर तुरुंग आहे आणि या देशातून बाहेरही काढतात. कुठल्याही दुकानाने, खऱ्या किंवा खोट्या, हे त्याला विचारलं नव्हतं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, मित्रांबरोबर रेंजवर गेलो होतो तेव्हा वेचलेल्या पुंगळ्यांची एक पिशवी माझ्या गाडीच्या डिकीत आहे." त्याला म्हटलं, प्रायमरचं राहू दे, आत्ता वकिलाला फोन लाव, मी धरून बसतो.