जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २२ : घरच्या वापराचा अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नागपुरात मनीषनगरच्या आमच्या घरातला चांगला चालता डेस्कटॉप बाद ठरला. इंटेलचा थर्ड जनरेशनचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्याकडे दोन्ही नाही. विचारलं तिथे एकच सल्ला मिळाला, नवीन घ्या. शाळेपासूनचा दोस्त मात्र म्हणाला, "फेकू नको बे ते मशीन. रविवारी येतो मी, मिंट टाकू त्याच्यावर." मिंट म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी, लिनक्सवर बेतलेली ऑपरेटिंग सिस्टिम.

आला तो तर्री पोह्यांचं पार्सल आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच. आधी कॅबिनेट उघडलं. नागपुरात कूलरच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवला की काय होतं ते तेव्हा दिसलं. ओलसर हवेत धूळ चिकटून हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर, गोधडीसारखा थर बसला होता, आणि प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून तिच्या खपल्या निघत होत्या. ब्रशने धूळ काढली, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी लावली. उन्हाळ्यात मशीन मधेच बंद का पडायचं, याचं उत्तर तिथेच मिळालं. हार्ड डिस्कच्या जागी तिच्याहून वेगवान साटा एसएसडी बसवली. वेग वाढला त्यातलं निम्मं श्रेय या एसएसडीचं आहे, सगळं मिंटच्या नावावर टाकणं बरोबर नाही.

मिंटची पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे काहीही न पुसता ते पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. वाय-फाय, आवाज, स्क्रीन सगळं तपासलं आणि मगच इन्स्टॉल केलं. पैसे लागत नाहीत. मिंटची २२ क्रमांकाची आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली, ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली आहे, अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत. मिंटच्या सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपवर मेन्यू खाली डाव्या कोपऱ्यात असतो, त्यामुळे बाबांना काही शिकवावं लागलं नाही. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला आणि त्यांनी लिब्रे ऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये कॉलनीच्या सभेचं इतिवृत्त टाइप करायला घेतलं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या त्यांच्या जुन्या फायली मात्र कन्व्हर्टरमधून काढाव्या लागल्या.

माझं मन जिंकलं ते अपडेट मॅनेजरने. अपडेट आलंय एवढं सांगतो. कधी करायचं ते आपण ठरवायचं. ही गोष्ट मला एवढी मोलाची वाटते, कारण माझा दिवस मिहानमधल्या एका आयटी कंपनीत जातो. तिथल्या लॅपटॉपचा वॉलपेपर बदलायलाही तिकीट, म्हणजे आयटी विभागाकडे विनंती, टाकावी लागते. थोडा वेळ माऊस हलला नाही की ऑफिसच्या चॅटवर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो, म्हणून चांगली हुशार पोरं चहा अर्धा टाकून जागेवर येतात. टाउनहॉलमध्ये, म्हणजे कंपनीच्या मोठ्या सभेत, 'आपण एक फॅमिली' ऐकायचं आणि संध्याकाळी खापरीहून मेट्रोत बसल्यावरही फोन बघत राहायचं. सुरक्षेसाठी काही बंधनं लागतात, ते मला मान्य आहे. पण माणसाचं काम ठिपक्यावरून मोजणं मला पटत नाही, आणि घरी तरी मशीन माझं ऐकतं याचं मला खरंच समाधान आहे.

दोस्ताबरोबर इतका वेळ एका जागी बसणंही कित्येक दिवसांनी झालं. एरवी आमचं बोलणं व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवर भागतं. त्या दिवशी इन्स्टॉलची पट्टी सरकत होती आणि तो वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलत होता, जे त्याने फोनवर कधी सांगितलं नव्हतं.

जाताना त्याने टाइमशिफ्ट लावून दिलं. मोठ्या अपडेटच्या आधी त्यातून सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्यायचा, बिघडलं तर मागे जायचं. पण ते सिस्टिमसाठी आहे. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्याच.

अडचणीही सांगतो. आमच्या जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर शोधून बसवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. ई-टेंडरसाठी डिजिटल सहीचा डोंगल वापरत असाल तर तो लिनक्सवर चालतो का, हे आधी बघा. दोस्ताचं इतवारीत फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरलड्रॉ लिनक्ससाठी निघत नाही, म्हणून डिझाइनचं मशीन त्याने विंडोजवरच ठेवलंय. काउंटरवरचं बिलिंग ब्राउझरमध्ये चालतं. त्या मशीनवर मिंट टाकायला आता मी जाणार आहे.