रेडीमेड मस्टँग घ्यावं का घरी हरिकेन बनवावं?

रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या नादात ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, उडवून सहा-आठ महिने झाले की सगळ्यांना एकच किडा चावतो, आता महायुद्धातलं लढाऊ विमान पाहिजे. गेल्या महिनाभरात तिघांनी विचारलंय, दोघं आपले मिरजेचे आणि एक साताऱ्याचा, की पैसे जमलेत, तर १.२ मीटरचं फोमचं रेडीमेड पी-५१ मस्टँग मागवू का डेप्रॉन (पातळ फोमचे तक्ते) कापून एक मीटरचं हरिकेन घरीच बनवू. माझ्याकडं दोन्ही आहेत, म्हणजे हरिकेन आहे आणि मस्टँग होतं, ते का होतं ते खाली येईलच.

पहिलं सांगतो, विमान बघायच्या आधी रान बघा. यूट्यूबवर मस्टँग डांबरी पट्टीवरून दिमाखात उठतं ते बघून आपण भुलतो, पण आपल्याकडं पट्टी कुठाय? सांगली-वाळवा भागात एकतर ऊस, नाहीतर काळी माती, नाहीतर मधेच बांध. खऱ्या मस्टँगची आणि खऱ्या हरिकेनची चाकं आत मिटतात आणि एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळं जमिनीवर दोन्ही बऱ्यापैकी स्थिर (स्पिटफायरची जवळ जवळ असतात, ते जमिनीवर लगेच कलंडायला बघतं, दिसायला कितीही देखणं असलं तरी पहिलं वॉरबर्ड, म्हणजे लढाऊ विमानाचं मॉडेल, म्हणून त्याच्या नादाला लागू नका). पण मॉडेलचं चाक पाच-सहा सेंटिमीटरचं, ते घोटाभर गवतात अडकतं आणि विमान नाकावर. मी नाकावर गेलो की पंखा (प्रॉपेलर) तुटायचा, एका हिवाळ्यात किती पंखे गेले ते बायकोला सांगितलेलं नाही. आणि रिट्रॅक्ट, म्हणजे मिटणारी चाकं, त्यात एकदा काळ्या मातीचा चिखल गेला की एक चाक बाहेर आणि एक आत, मग उतरणार कसं? पोटावर उतरवलं तर मस्टँगच्या पोटाखाली तो रेडिएटरचा मोठा डबा असतो, तोच आधी उचकटतो. हरिकेनच्या पोटाखालीही रेडिएटर आहे पण लहान, मी तो मऊ स्पंजचा करून टेपनं चिकटवलाय, निघाला की परत लावायचा. चाकं लावलेलीच नाहीत. हातानं फेकायचं, गवतात पोटावर उतरवायचं, विषय संपला.

वजनाचा हिशोब बघा, कारण खरा फरक इथंच आहे. मस्टँग फोर सेल बॅटरीसकट १४०० ग्रॅम, पंखाचं क्षेत्रफळ साधारण २४ चौरस डेसिमीटर, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ५८ ग्रॅम. माझं हरिकेन ७०० ग्रॅम, क्षेत्रफळ २०, म्हणजे ३५. विमान हवेत टिकायला जो कमीत कमी वेग लागतो तो या आकड्याच्या वर्गमुळानं वाढतो, म्हणजे मस्टँगला हरिकेनपेक्षा जवळजवळ तीस टक्के जास्त वेगानं उतरवावं लागणार. ट्रेनरवरून आलेल्या माणसाचा हात काय करतो, तर उतरताना घाबरून थ्रॉटल (मोटरचा जोर) पूर्ण खाली आणि एलिव्हेटर (शेपटीची, नाक वर-खाली करणारी पट्टी) वर, आणि मस्टँग वेग मेला की इशारा न देता एक पंख टाकतं. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, हळू उतरायच्या पट्ट्या) अर्धे उघडून थोडा थ्रॉटल धरून आणलं तर शहाण्यासारखं येतं, पण ते शिकायला पाच-दहा लँडिंग लागतात आणि तेवढी लँडिंग विमान जगलं पाहिजे.

आता कस्टमायझेशन, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. रेडीमेडवर स्टिकर लावूनच येतात, चांदी रंग, पिवळं नाक, जगातल्या दहा हजार लोकांकडं तेच. त्याचा फोम ईपीओ जातीचा असतो, त्यावर फेवीक्विक चालतं. डेप्रॉनवर फेवीक्विक लावलं तर फोम डोळ्यांदेखत विरघळतो, स्प्रे पेंटनं पण तेच होतं, म्हणून तिथं फोमला चालणारं ग्लू किंवा ग्लू गन बेतानं तापवून, आणि रंग पाण्यातला ॲक्रिलिक. पुशरॉडला (पट्ट्या हलवणाऱ्या तारेला) सायकलचे स्पोक, एकदम बेस्ट, आणि पंखात कार्बन रॉड घालाच. फ्लेक्सवाल्याकडचा सनबोर्ड स्वस्त मिळतो म्हणून त्याचं विमान करायला जाऊ नका, ते जड असतं, दार होईल, विमान होणार नाही.

हरिकेन मी निवडलं त्याचं अजून एक कारण, ते आपलं आहे. १९४४ साली अर्जन सिंग आपल्या एअर फोर्सच्या नंबर १ स्क्वाड्रनमधून इंफाळवर हरिकेनच उडवत होते, त्याच लढाईत त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. तिकडच्या विमानांच्या गोल चिन्हातून लाल ठिपका काढलेला होता, कारण जपान्यांचं चिन्हच लाल गोळा, घाईत आपलाच माणूस आपल्यावर गोळी झाडायचा. म्हणून गडद निळ्यात फिकट निळा ठिपका एवढंच. पुढं तर पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे पण मारत. हे पट्टे मॉडेलवर मारा, शोभेसाठी नाही, हिरव्या-तपकिरी रंगाचं विमान शंभर मीटरवर गेलं की नुसती काळी सावली दिसते, तोंड इकडं का तिकडं कळत नाही, आणि तिथंच विमानं मरतात. मस्टँग घेणार असाल तर पंखाखाली काळे-पांढरे पट्टे मारा, १९४४च्या नॉर्मंडीच्या चढाईत तेही ओळखीसाठीच मारले होते.

पण रंग मारला की वजन वाढतं आणि ते नेमकं शेपटीकडं वाढतं. माझ्या हरिकेनला रंग, शेपटीचे पट्टे, कॉकपिट आणि मागच्या चाकाची शोभा धरून शेपटीत दहा ग्रॅम चढले. शेपटी सीजीपासून (विमानाच्या तोलाच्या बिंदूपासून) ५५ सेंटिमीटर, नाक २० सेंटिमीटर, म्हणजे ते दहा ग्रॅम फेडायला नाकात सत्तावीस ग्रॅम घालावे लागले. टायरवाल्याकडं चाक बॅलन्स करायच्या चिकट पट्ट्या मिळतात, पाच-पाच ग्रॅमचे तुकडे, मी सहा घेतले, तो म्हणाला कुठल्या गाडीला, मी म्हटलं विमानाला, त्यानं पैसेच घेतले नाहीत. आधी बॅटरी पुढं सरकवून बघा, जागा संपली तरच शिसं घाला. रेडीमेडमध्ये बॅटरीची जागा आणि सीजी पुस्तिकेत लिहिलेलं असतं, हा त्याचा मोठा फायदा, मान्य. घरच्याला सरासरी कॉर्ड (पंखाची पुढून मागं रुंदी) काढून पुढच्या कडेपासून २५ टक्क्यांवर खूण करायची, पंख निमुळता असल्यानं मुळाशी मोजू नका, दोन बोटांवर उचलून नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. नाकजड विमान नीट उडत नाही पण घरी येतं, शेपटीजड विमान एकदाच उडतं.

सेटअपमध्ये रेडीमेड चार-पाच स्क्रूत तयार होतं खरं, पण त्यालाच रेडिओचे जास्त चॅनल (एका कामाला एक) लागतात, एलेरॉन (पंखावरची, विमान कलतं करणारी पट्टी), एलिव्हेटर, रडर (शेपटीचं सुकाणू), थ्रॉटल, वर फ्लॅप आणि रिट्रॅक्ट, म्हणजे सहा. सहा चॅनलचा साधा रेडिओ तिथंच भरला, जायरोचा (विमान आपोआप सरळ धरणाऱ्या यंत्राचा) मोड बदलायचा असेल तर सातवा लागतो. हरिकेनला चार पुरतात. थ्रो, म्हणजे पट्ट्या किती हलतात ते, दोन्हीला आधी कमी ठेवा, एलेरॉन आणि एलिव्हेटर दहा-बारा मिलिमीटर, तीस टक्के एक्स्पो, म्हणजे स्टिक मधे असताना हालचाल मऊ. एक्स्पोचं चिन्ह कंपनीगणिक उलटं असतं, आकड्यावर जाऊ नका, स्क्रीनवरची रेघ मधे आडवी झोपली पाहिजे. जायरो असेल तर उजवा पंख हातानं खाली करा, उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, वर गेला तर उलटा लागलाय. आणि सर्व्हो (पट्ट्या हलवणारी छोटी मोटर) बदलला की दिशा परत तपासा, स्टिक उजवीकडं, उजवा एलेरॉन वर. मी एकदा नाही तपासलं. फेकल्यापासून तीन सेकंद. फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटला तर, थ्रॉटल बंद सेट करून, पंखा काढून, ट्रान्समीटर बंद करून बघा.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र उलटं आहे आणि इथं साताऱ्याच्या माणसानं वेगळा विचार करावा. तिकडं चाळकेवाडीच्या पवनचक्क्या उगाच नाहीत, सड्यावर (खडकाळ पठारावर) वारा थांबतच नाही, सातशे ग्रॅमचं हरिकेन तिथं पतंग होतं. जड मस्टँग वारा कापत जातं, त्यात जायरो असला तर बघायलाच नको. कास पठारावर मात्र उडवायला जाऊ नका, वारसास्थळ आहे ते, आणि कराडच्या बाजूला विमानतळ आहे म्हणून रान कुठलंही असो, आधी सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर झोन हिरवा आहे ना बघा, हिरव्यात सुद्धा मर्यादा जास्तीत जास्त ४०० फूट, विमानतळाजवळ त्याहून कमी, आणि विमान कायम नजरेसमोर.

माझ्या मस्टँगचं काय झालं, तर ते पडलंच नाही, उसात गेलं. संध्याकाळचा उजेड उतरलेला, वळण जरा लांब गेलं आणि दहा फुटी उसात सपकन आवाज. आम्ही तिघं दोन तास सरी सरी फिरलो, पाचटानं हात चिरले, पुढची सरी आणि मागची सरी सगळं सारखंच दिसतं, शेतमालक बांधावर बसून हसत होता. शेवटी अंधार पडला. तोडणीला टोळी आली तेव्हा जानेवारीत सापडलं, फोम उंदरांनी खाल्लेला, मोटरीत गंज, बॅटरी उशीएवढी फुगलेली. रेडीमेडचा पंख गेला की त्याच मॉडेलचा पंख मागवायचा, मिळाला तर मिळाला, हरिकेनचा पंख गेला की रात्री जेवून बसलं की सकाळी तयार, नकाशे कापून ठेवलेलेच असतात.

तर मिरजेच्या दोघांना मी हरिकेन सांगितलंय, २२१२ची १४०० केव्हीची मोटर, आठ इंची पंखा, तीस अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा), थ्री सेल २२०० एमएएचची बॅटरी, चार नऊ ग्रॅमचे सर्व्हो, आणि उरलेल्या पैशात दुसरी बॅटरी आणि नीट चार्जर. साताऱ्याच्या गड्याकडं माळ आहे, मुरमाची शंभर मीटर सपाट पट्टी त्यानं स्वतः दगड वेचून केलीय, त्यानं मस्टँग घ्यावं, रिट्रॅक्ट सुरुवातीला उघडेच ठेवावेत. ज्याच्याजवळ ना माळ ना वेळ त्यानं अजून सहा महिने ट्रेनर उडवावा, त्यात लाज कसली. आणि तिघांनीही रिसीव्हरला बझर लावा, स्वस्तात मिळतो, रेडिओ बंद केला की विमान उसातून ओरडतं.