मखराला माळ २३० व्होल्टची, ५ची, १२ची की २४ची?

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत हल्ली खाजाच्या पुड्याशेजारी पिक्सेल लाईटचा एखादा रोल हमखास असतो. पडवीत जोडाजोडी सुरू झाली की आतून कोणीतरी विचारतंच, "अरे, शॉक लागायचा नाही ना?" त्यावर "बारा व्होल्टचं आहे गो, काय होत नाय" हे ठरलेलं उत्तर. ते अर्धंच खरं आहे, आणि माळ विकत घ्यायच्या आधी उरलेलं अर्धं कळलेलं बरं.

आधी सगळ्यांच्या घरी असते ती २३०ची चायना माळ. स्वस्त, लांबलचक, पिन खोचली की चालू. हिच्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, की एकेका दिव्याला तीनच व्होल्ट लागतात म्हणजे ती निरुपद्रवी. दिवे एकापुढे एक ओवलेले असतात म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला तीन येतात. पण पिनेजवळच्या त्या छोट्या डबीत ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे माळ थेट मेनलाच जोडलेली राहते. कुठेही वायर सोललेली असेल, उंदराने कुरतडलेली असेल, आणि तिथे ओला हात लागला, तर फेज तुमच्यातून जमिनीत जाऊ पाहते. भाद्रपदातला पाऊस, ओला कोबा, अनवाणी पाय, हातात पंचपात्र. शॉकला याहून सोयीची जागा नाही. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा बोर्डातला खटका, इथे कामाची नाही. माणसाच्या जिवावर बेतणारा करंट तिच्या हिशेबात काहीच नसतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की लाइन तोडणारा खटका, हवी. ती घरात असेल तर ही माळ वाश्यांखाली, पागोळ्यांच्या आत आणि हात पोचणार नाही अशी लावा. मखराला मात्र नकोच.

५ व्होल्टच्या पिक्सेलमध्ये प्रत्येक दिवा वेगळा रंगवता येतो, त्यामुळे हौशी मंडळी याच्याच प्रेमात पडतात. शॉकची भीती नाही. अडचण करंटची आहे. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक पिक्सेल ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे १०० पिक्सेलना ६ अँपिअर. केसासारख्या वायरीतून एवढा करंट गेला की शेवटचे दिवे पिवळे पडतात आणि वायर गरम होते. बाप्पामागच्या प्रभावळीपुरते शंभर-दीडशे पिक्सेल, पुरवठा हातभर अंतरावर आणि कंट्रोलरमध्ये उजेड तिसऱ्या हिश्श्यावर आणलेला, एवढ्यासाठी ५ व्होल्ट उत्तम. खळ्यातल्या तुळशीपर्यंत न्यायचा विचार सोडून द्या.

का, ते आकड्यात बघू. पडवीतून तुळस १० मीटर, जाऊन-येऊन २० मीटर वायर. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा एवढ्या लांबीत रोध साधारण ०.३६ ओहम भरतो. तिथे ६० वॅटचे दिवे लावायचे. १२ व्होल्टला ५ अँपिअर लागतात, वाटेत १.८ व्होल्ट गळतात आणि ९ वॅट नुसते वायर तापवण्यात जातात. २४ व्होल्टला अडीच अँपिअर पुरतात, गळती ०.९ व्होल्ट, उष्णता सव्वादोन वॅट. ५ व्होल्टला हवेत १२ अँपिअर, म्हणजे चार व्होल्टच्या वर वाटेतच संपले. दिवे पेटणार कशावर?

ओल्या अंगाला २४ चालतील का, ही शंका रास्त आहे. पोहण्याच्या तलावात, प्रत्यक्ष पाण्यातल्या दिव्यांसाठी, आयईसीची (विजेची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) मर्यादा डीसीला ३० व्होल्ट आहे. २४ तिच्या आत बसतात. म्हणून माझा कौल असा: मखर आणि पडवीला १२, खळं, गडगा (दगडी कुंपण) आणि बेड्यापर्यंतच्या (फाटकापर्यंतच्या) वाटेला २४.

पण जाळायला व्होल्ट लागत नाहीत, अँपिअर लागतात. थर्माकोलवर राज्यात २०१८पासून बंदी आली तरी कापड, कागद, प्लाय आणि बांबू काही कमी पेटत नाहीत. १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एसएमपीएस (२३०चे १२ करून देणारी पेटी) आणि बारीक वायर घेतली, लांब टोकाला शॉर्ट झाला, तर वायरीच्या, समजा अर्ध्या ओहमच्या, रोधामुळे करंट २४ अँपिअरवरच थांबतो. एसएमपीएसला ते नेहमीचं ओझं वाटतं, तो बंद पडत नाही, आणि जवळजवळ तीनशे वॅट त्या वायरीत पेटत राहतात. माझ्याच मखराच्या मागे एकदा आरती चालू असताना कापूर सोडून भलताच वास आला. बघतो तर वायरीचं आवरण विरघळून प्लायला चिकटलेलं. आरसीसीबी शांत, कारण ती १२ व्होल्टच्या बाजूचं काही बघतच नाही. तेव्हापासून प्रत्येक माळेला सुरुवातीलाच गाडीचा पातीवाला फ्यूज लावतो. वायर पाच अँपिअरची असेल तर फ्यूजही पाचचा. लाईट जाते म्हणून बॅटरी लावणाऱ्यांनी तर फ्यूज बॅटरीच्या टोकालाच बसवावा. शॉर्ट झाला तर ती एसएमपीएसपेक्षा कितीतरी जास्त करंट ओतते.

आणि १२ व्होल्टच्या सजावटीतही २३० कुठेतरी असतातच. जाळीच्या एसएमपीएसवर फेज-न्यूट्रलचे स्क्रू उघडे असतात, आणि लोक ती पेटी नेमकी मखराखाली सरकवतात, जिथे पोरांचे हात जातात आणि नारळाचं पाणी सांडतं. अर्थिंग जोडलेलं नसेल तर पत्र्याला झिणझिण्याही येतात. जांभ्यावरच्या घरांत अर्थिंग नावालाच असतं, वायरमनकडून एकदा तपासून घ्या. एकट्या मखराला ६० वॅट पुरत असतील तर एसएमपीएसच्या वाटेला जाऊच नका. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा बंद प्लॅस्टिकचा अ‍ॅडॅप्टर घ्या, बीआयएसचा (भारतीय मानक संस्थेचा) 'आर' नंबर छापलेला. मोठा लागलाच तर झाकण असलेल्या पेटीत, भिंतीला, डोक्याच्या वर, हवा लागेल असा.

२४ची एक खोट सांगायला हवी. खारी हवा आणि ओल जॉइंटमध्ये शिरली की डीसीत प्लसकडचं तांबं हिरवं होऊन खाल्लं जातं, आणि व्होल्ट जास्त तितकं ते लवकर. नुसत्या टेपवर भागत नाही. झाळून वर गोंदवाली श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी), आणि माळ आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारी. विसर्जनानंतर बाहेरच्या माळेची पिन काढून गोड्या पाण्याचं फडकं फिरवा, चांगली वाळवा, मगच डब्यात भरा. पुढच्या वर्षी हिरवा दिसलेला जॉइंट घासत बसू नका. कापा आणि नवा करा.