उलटी गाडी आणि १४,७४० रुपयांचा चुना

आधी आकडा लिहून टाकतो, म्हणजे हसणाऱ्यांचं हसून होईल. खेळण्यातल्या तीन गाड्या: ४,५००, ६,८०० आणि ३,२००, वर कुरिअरचे २४०. एकूण १४,७४० रुपये. घरी मी अजून नऊच हजार सांगितलेत.

‘एरर’चं वेड ज्यांना आहे त्यांना समजावायला नको. दुकानात दोनशेच्या आसपास मिळणारी हॉट व्हील्सची गाडी. तिच्यावर छपाईच झाली नसेल, मागे भलतीच चाकं लागली असतील किंवा ती ब्लिस्टरमध्ये, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात, उलटी बसली असेल, तर कारखान्याच्या त्या चुकीसाठी हजारो मोजणारे लोक आहेत. त्यातला मी एक. आता आमच्या सिंधुदुर्गात, खाडीकाठच्या गावात, असल्या गाड्या हुडकायला दुकान कुठाय? कणकवलीला चार-दोन दिसतात, नाहीतर थेट कोल्हापूर. म्हणजे ऑनलाइन घेतो ते काही मस्ती म्हणून नव्हे. सात वर्षांत चारशेच्या वर गाड्या अशाच आल्या, एकदाही दगा झाला नव्हता.

ज्याने गंडवलं तो माणूस गाड्या जमवणाऱ्यांच्या ग्रुपवरचा. ‘दादा’शिवाय वाक्य नाही. त्याच्याकडे बिनछपाईची सुटी स्कायलाइन, मागे वेगळी चाकं असलेली कॅमेरो आणि पाकिटात छपरावर पडलेली फोक्सवॅगन. मी व्हिडिओ कॉल मागितला, त्याने केलासुद्धा. आणि इथेच स्वतःच्या कानफटात मारून घ्यावीशी वाटते. अख्ख्या कॉलभर त्याचा अंगठा ब्लिस्टरच्या खालच्या कडेवर होता. पुठ्ठा फिरवला, अंगठा तिथेच. नखावर दारात चेमटल्यासारखा काळानिळा डाग. नखाचा डाग दिसला, म्हणजे बघत होतो मी! म्हटलंही, “अंगठा काढा जरा.” तो म्हणाला, “दादा, दुसऱ्या हातात फोन आहे, पडेल ना.” पटलं मला. अजून दोघं थांबलेत म्हणाला, आणि मी पैसे पाठवून मोकळा.

आमचं घर आंब्याचं. कर्नाटकचा आंबा देवगडच्या छापील पेटीत कसा घालतात ते मी मुंबईच्या पाहुण्यांना दर मोसमात सांगतो. उघडून परत चिकटवलेली पेटी नुसता हात फिरवून ओळखतो. आणि एक वीतभर पुठ्ठा ओळखता आला नाही!

पार्सल आलं. कारखान्यात ब्लिस्टर पुठ्ठ्यावर उष्णतेने बसवतात, गोंदाचा थेंब दिसता कामा नये. इथे फोक्सवॅगनच्या ब्लिस्टरच्या कडेला गोंदाची सुकलेली तार होती आणि पुठ्ठ्याचा छापील पापुद्रा उचकटलेला. नेमकं अंगठ्याखाली. कॅमेरोचा तळ पाहिला, तर तळ आणि वरचा भाग जोडणाऱ्या रिव्हेटची गोल टोपी ड्रिलने उडवून पोकळीत काहीतरी भरलेलं, म्हणजे गाडी उघडून चाकं बदललेली. (तळाचा जवळून फोटो देत नसेल तर पुढे बोलूच नका.) स्कायलाइन मात्र मी दोन दिवस खरी समजत होतो. बायकोने ती खिडकीशी तिरकी धरली. दारावर एक मंद ठिपका, आणि त्यात पुसलेल्या अक्षरांची सावली. “टीपॉयवर रिमूव्हर सांडलं होतं तेव्हा असाच डाग पडलेला,” ती म्हणाली. नेलपॉलिश रिमूव्हर! साडेचार हजारांची ‘एरर’ वीस रुपयांच्या बाटलीतून निघाली होती.

तोवर त्याने मला ब्लॉक केलं होतं. मी लाजेने अकरा दिवस गप्प बसलो. तुम्ही बसू नका, त्याच तासाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

मग पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी गाडी हातात घेऊन टेबलावर चालवून बघितली. “पोरांच्या खेळण्याक साडेचवदा हजार? आणि वर तक्रार?” बाकावरचे दोघं हसले. मी पुठ्ठा, गोंद, रिव्हेट सगळं दाखवलं. त्यांचं एकच, “गाडी मागितलात, गाडी मिळाली. मग फसवणूक कसली?” अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर सोमवारी या. सोमवारी साहेब बंदोबस्तावर. पुढच्या वेळी अर्जच सापडेना, नवीन लिहा म्हणाले, झेरॉक्स बाहेरून आणा. जिल्ह्याला गेलो, तिथे म्हणाले तुमच्या ठाण्यातूनच आलं पाहिजे. बँकेतली बाई तर, पैसे तुम्हीच स्वतः पाठवलेत ना, एवढं बोलून पुढच्या टोकनाकडे वळली. चार फेऱ्यांत एसटी आणि झेरॉक्सचे ६१० रुपये गेले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. आंब्याची पेटी चोरीला गेली असती तर एवढं हसले असते का?

आणि हो, सील उघडताना व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता, घाई झाली होती.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर, दुसऱ्या नावाने, उलटी बसलेली पिकअप विकायला आलीय. ७,५०० रुपये. फोटोत अंगठा खालच्या कडेवरच आहे. नखावरचा डाग आता अर्ध्यापर्यंत वर सरकलाय. स्क्रीनशॉट ठेवलाय, ज्याला हवा त्याने मागून घ्यावा.